पायरीवरचा शब्द

सेंत-ओदिलच्या चर्चसमोर, पायऱ्यांच्या डाव्या अंगाला एक चपटा दगड होता. रविवारी मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटली की ल्युजे दवंडीवाला त्यावर चढायचा आणि आठवडाभराच्या बातम्या ओरडून सांगायचा. कुणाचं वासरू हरवलं, कुणाला गवत विकायचंय, कुठल्या रस्त्याचा बर्फ कुणी काढायचा. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, त्याच दगडावरून आत्म्यांचा लिलाव व्हायचा. ज्याला जे देववेल ते त्याने आणायचं. कुणी डुकराचं मुंडकं, कुणी तंबाखूची जुडी, कुणी खारवलेले वाम मासे. कुणाच्या आत्म्यासाठी ते नाव सांगायचं, ल्युजे बोली पुकारणार आणि जमतील त्या पैशांत त्या मेलेल्या माणसासाठी मिसा म्हटली जाणार. त्या दगडावरून बोललेलं खोटं निघू शकतं, असं गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कागद एखाद वेळेस उंदीर खातील, पण साऱ्या गावाने ऐकलेला शब्द कोण खाणार, असं म्हातारे म्हणायचे. म्हातारे काय, बरंच काही म्हणतात.

दामाज मिशो त्या म्हाताऱ्यांच्याच वळणावर गेलेला. नदीकाठी त्याचं शेत होतं, पण त्याचा जीव शेताखालच्या किनाऱ्यावर. तिथे नदी समुद्रासारखी रुंद होते आणि ओहोटीला पाणी दूरवर मागे जातं. त्या चिखलात खुंट रोवून, ओल्या फांद्या विणून, मिशोंच्या चार पिढ्या वामांसाठी कुडाचं कुंपण घालत आल्या होत्या. शरदात वामा नदी उतरून समुद्राकडे निघाल्या की कुंपणाला अडून पेटाऱ्यात शिरायच्या. नदी सगळीकडे तीच, पण वाम सगळीकडे लागत नाही. मिशोंच्या किनाऱ्यावर लागायची.

एवारिस्त लामार हा त्याच गावच्या लोहाराचा मुलगा. दामाज आणि तो एका बाकावर बसून धर्मशिक्षण शिकले. पुढे पाद्रीबाबांनी एवारिस्तला शहरात शिकायला पाठवलं, तो वकील झाला आणि गोड बोलायला शिकून परत आला. तरी तो दामाजला विसरला नाही, हे कबूल केलं पाहिजे. दामाजच्या मुलीच्या, रोझालीच्या, बाप्तिस्म्याला तिचा धर्मपिता म्हणून तोच उभा राहिला. घरी आला की कोट काढून टाकायचा, चुलीपाशी बसायचा आणि म्हणायचा, "फिलोमेनवहिनी, तळलेली वाम मिळाली नाही तर मी शहरात जाऊन तुमची बदनामी करीन." फिलोमेन म्हणायची, "करा की. तेवढंच आमचं नाव शहरात जाईल."

प्रांताची नवी विधानसभा बसली आणि एवारिस्त निळ्या पक्षाकडून उभा राहिला. स्वर्ग निळा असतो आणि नरक लाल, एवढं राजकारण गावाला पुरत होतं. पण लाल पक्षाचा माणूसही तगडा होता, आणि गावाला हवा होता धक्का, बोटी लागायला. निवडणुकीच्या आधी महिनाभर एवारिस्त दामाजकडे आला. या खेपेला त्याने कोट काढला नाही.

"धक्का मंजूर होतोय," तो म्हणाला. "पण हॅलिडेची लाकूड कंपनी अर्धा खर्च उचलणार असेल तरच. आणि त्यांना जागा हवी तुझी."

"माझी? तिथे माझं कुंपण आहे."

"काम चालेल तोवर. धक्का पुरा झाला की तुझा किनारा तुला परत. तोवर खडकापलीकडे घाल कुंपण."

"खडकापलीकडे बेडूक लागतात, वाम नाही."

"दोनचार वर्षं बेडूक खा माझ्यासाठी," एवारिस्त हसला. मग गंभीरपणे म्हणाला, "दामाज, हा धक्का झाला नाही तर मी पडलो."

दामाज तयार झाला. एवारिस्तने कागद करून वाचून दाखवला, दामाजने खाली फुली मारली. कागदात किनारा कंपनीला दिल्याचं होतं, परत करण्याचं नव्हतं. फिलोमेनने विचारलंच, "भाऊजी, परत द्यायचं यात का नाही?"

"सरकारला अट दिसली की ते मागे सरतं, वहिनी. मी ती अट कागदाहून भक्कम ठिकाणी घालतो."

आणि खरंच पुढच्या रविवारी तो ल्युजेला बाजूला करून दगडावर चढला आणि साऱ्या गावासमोर, पाद्रीबाबांसमोर म्हणाला, "मी हॅलिडे कंपनीचा वकील म्हणून, कंपनीच्या वतीनं सांगतो. धक्का पुरा झाला की दामाज मिशोचा किनारा दामाज मिशोला परत. ऐकलंत सगळ्यांनी?" सगळ्यांनी ऐकलं. कुणी टोप्या उडवल्या. फिलोमेनसुद्धा गप्प बसली, कारण त्या दगडावर शंका घ्यायची म्हणजे देवळावर शंका घेण्यासारखं होतं.

तेव्हा मत चिठ्ठीवर नव्हतं. लाकडी मचाणावर चढायचं आणि कारकुनासमोर, साऱ्यांदेखत, आपल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं. मचाणाच्या पायथ्याशी लाल पक्षाचे भाडोत्री दांडगे उभे होते. पहिला चढायला कुणी तयार होईना. दामाज चढला. "एवारिस्त लामार," असं तो इतक्या जोरात ओरडला की पलीकडच्या कुरणातली घोडी बुजली. उतरताना कुणाचं तरी दांडकं तोंडावर बसलं आणि पुढचा दात गेला. पण त्याच्यामागे गाव चढलं. एवारिस्त निवडून आला, आणि दाताच्या त्या खिडकीतून दामाज पुढे आयुष्यभर पाइप ओढत राहिला.

धक्का झाला. पुरा झाला. बिशपसाहेबांनी त्यावर पवित्र पाणी शिंपडलं. पण हॅलिडेची लाकडं काही हलली नाहीत. दामाजने विचारलं की एवारिस्त म्हणायचा, "अधिवेशन संपू दे. मी आहे ना." पुढच्या निवडणुकीत म्हणायचा, "आत्ता हॅलिडेला दुखवलं तर वर्गणी जाईल. मी आहे ना." तो विधानसभेत दोनदोन तास बोलायचा, गावातली माणसं ती भाषणं पाद्रीबाबांकडून वाचून घ्यायची आणि माना डोलवायची. दामाज खडकापलीकडे कुंपण घालत होता आणि पेटाऱ्यात पाणी भरून आणत होता. सासरी जाण्याआधी रोझाली एकदा म्हणाली, "बाबा, माझे धर्मपिता सगळ्या प्रांताचं काम करतात, फक्त आपलं सोडून." दामाजने तिला झापलं.

मग एक दिवस बातमी आली की एवारिस्त न्यायाधीश झाला. आमदारकी सोडून थेट जिल्ह्याच्या खुर्चीवर. गावात शेकोटी पेटली, बंदुका उडाल्या. दामाजने घरी केलेली, स्प्रूस झाडाच्या पाल्याची सगळी बिअर बाहेर काढली. न्यायाधीशाची नेमणूक राजधानीतून होते आणि राजधानीत कुणाचा शब्द चालतो, हे कुणी विचारलं नाही. हॅलिडेचा चालतो, हे जिल्ह्यातल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं.

आपला माणूस न्यायाधीश झाला म्हटल्यावर दामाजला बळ आलं. त्या वसंतात त्याने सरळ आपल्या जुन्या किनाऱ्यावर, लाकडांच्या राशींना खेटून, खुंट रोवले आणि कुंपण विणलं. कंपनीने दावा ठोकला.

गावाने वर्गणी काढून त्याला वकील दिला, म्हातारे बेलझिल. कोर्टात त्यांच्याइतका कायदा कुणाला येत नव्हता, पण माणूस पक्का लाल. दामाज त्यांच्यासमोर बसला तो खुर्चीच्या काठावर, जणू खुर्चीलाही रंग असावा.

"कागद तुझ्याविरुद्ध आहे," बेलझिल म्हणाले. "आणि कागदाविरुद्ध गावाची तोंडी साक्ष कोर्ट ऐकत नाही. सगळ्या गावानं शपथ घेतली तरी नाही."

"मग संपलं?"

"नाही. एक माणूस आहे. लामार तेव्हा कंपनीचा वकील होता, कंपनीच्या वतीनं बोलला. त्यानं स्वतः शपथेवर सांगितलं, की हो, मी असा शब्द दिला, तर तो कंपनीचाच शब्द ठरतो. मग कागद जाईना चुलीत."

दामाज हसला. "मग झालंच की. तोच तर खुर्चीवर बसलाय."

"अरे बाबा, तिथंच तर मेख आहे. खुर्चीवर बसलेला साक्ष देत नसतो. आधी त्याला उतरवायला हवं. आपण अर्ज करू, की या न्यायाधीशांना प्रकरण आतून माहीत आहे, दुसरे द्या. दुसरा आला, की लामारला पिंजऱ्यात बोलावू."

"म्हणजे मी एवारिस्तवर अविश्वास दाखवायचा? लेखी?"

"अविश्वास नाही. रीत आहे ती."

"वकीलसाहेब, तो माझ्या पोरीचा धर्मपिता आहे."

"तो हॅलिडेचा न्यायाधीश आहे," बेलझिल म्हणाले.

दामाज उठलाच. लाल माणूस, भांडणं लावणारच. घरी येऊन त्याने फिलोमेनला सांगितलं. ती परातीत पीठ मळत होती, तिने मान वर केली नाही. "करा अर्ज," ती म्हणाली.

"तूसुद्धा?"

"ते खरं बोलतील असं तुम्हाला वाटतंय ना? मग पिंजऱ्यात बोलले तर बिघडलं कुठं?"

दामाज उठून गोठ्यात गेला. पण तिचा प्रश्न त्याच्या मागोमाग आला. शेवटी त्याने ठरवलं की एवारिस्तलाच विचारावं. एवारिस्तने आता गावात उन्हाळ्यासाठी पांढरं घर बांधलं होतं. रविवारी मिसेला यायचा, पुढच्या बाकावर बसायचा. मिसेनंतर दामाजने त्याला पायऱ्यांवर गाठलं, दगडापासून हाताच्या अंतरावर.

"बेलझिल म्हणतात तुला उतरवायचा अर्ज करा. करू का?"

एवारिस्तने हातमोज्याचं बटण लावलं. मग काढलं. "लोक काय म्हणतील, दामाज? माझ्या गावच्या माणसालाच माझा भरवसा नाही म्हणतील."

"तेच मी म्हटलं."

"माझ्यावर सोड," एवारिस्त म्हणाला आणि त्याच्या दंडावर हात ठेवला. "मी आहे ना."

दामाजने अर्ज केला नाही.

त्या शरदात जुन्या किनाऱ्यावर वामा अशा लागल्या की पेटारे उचलेनात. दामाज गुडघाभर चिखलात उभा राहून एकटाच हसायचा. फिलोमेनने पिंपात मिठाचे थर घातले. बऱ्याच वर्षांनी तिच्या हातांना तो वास आला, आणि ती म्हणाली, "असू दे. कदाचित मीच वाईट मनाची."

ऑक्टोबर सरता सरता सुनावणीचा दिवस आला. गाड्या जुंपून गावातली माणसं जिल्ह्याला गेली. बेलझिलनी ल्युजेला साक्षीला उभं केलं. ल्युजेने खाकरून सुरुवात केली, "मी दगडाशेजारीच होतो, आणि यानंच, म्हणजे न्यायमूर्तींनी..." कंपनीचा वकील उठला. खुर्चीवरून आवाज आला, "कागदाविरुद्ध तोंडी पुरावा ग्राह्य नाही. साक्षीदारानं खाली यावं." ल्युजेचा आवाज तीन गावांत जायचा. तो खाली आला तेव्हा तो शेजारी बसलेल्या बायकोलाही नीट ऐकू येईना.

मग काही सांगायचंय का म्हणून दामाजला विचारलं. तो उभा राहिला. काळ्या झग्यातल्या माणसाकडे त्याने निरखून पाहिलं. "एवारिस्त," तो म्हणाला, "तू होतास की तिथं. तूच बोललास."

"न्यायमूर्ती म्हण," शिपाई पुटपुटला.

"न्यायमूर्ती," दामाज म्हणाला, "तूच बोललास."

एवारिस्त लामार समोरच्या दौतीकडे पाहत होता. "न्यायालयासमोर जे ठेवलं जातं," तो म्हणाला, "त्यापलीकडे न्यायालयाला काहीही ठाऊक नसतं." आणि त्याने निकाल वाचला. किनारा कंपनीचा. दामाज मिशोने खुंट उपटून न्यावेत.

कुंपणानेच शेत खाल्लं, असं आपण म्हणतो. म्हणायला सोपं असतं. दामाजला आधी काही कळलंच नाही. त्याला वाटलं हे कोर्टातलं काहीतरी नाटक असेल, रीत असेल, एवारिस्त आता बाहेर येईल आणि डोळा मारील. म्हणून तो मागच्या अंगणात, न्यायाधीशाच्या घोडागाडीपाशी जाऊन उभा राहिला. एवारिस्त आला. गाडीवानाला त्याने लांब पाठवलं. इतकं तरी केलं.

"बेलझिलनं तुला अर्जाचं सांगितलं होतं," एवारिस्त म्हणाला. आवाज कोर्टातल्यासारखा नव्हता, चुलीपाशी बसायचा तेव्हासारखा होता.

"होतं."

"का नाही केलास? मला पिंजऱ्यात उभं केलं असतंस तर मी खोटं बोललो नसतो. बायबलवर हात ठेवून मी खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे. शेवटच्या दिवसापर्यंत मी वाट पाहत होतो त्या अर्जाची."

"तूच म्हणालास, माझ्यावर सोड."

"म्हणालो." एवारिस्तने गाडीच्या पायरीवर पाय ठेवला. "तू ऐकायला नको होतंस."

केसाने गळा कापणारे पुष्कळ असतात. पण कापून झाल्यावर, तू मान का पुढे केलीस म्हणून विचारणारा विरळा. दामाज घरी आला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्याने खुंट उपटले. मदतीला गाव आलं होतं, त्याने कुणाला हात लावू दिला नाही. फिलोमेनच्या ओठांवर "मी सांगत होते" एवढं आलं होतं. ते तिने गिळलं आणि फांद्यांची मोळी बांधत बसली. त्याला सर्वात जास्त लागलं ते किनाऱ्याचं नव्हतं. पुढच्या रविवारी पायऱ्यांवर कुणाशी बोलायचं, हे त्याला आठवेना, कारण इतकी वर्षं तो तिथे एवारिस्तचीच वाट पाहत उभा राहायचा.

मृतांचा दिवस उजाडला. चर्चमधून माणसं बाहेर आली. आईबापांच्या थडग्यांवर प्रार्थना करायला एवारिस्तही आला होता, बायकोला घेऊन, फरची कॉलर लावून. लोकांनी त्याला वाट दिली, टोपी मात्र थोड्यांनीच काढली. ल्युजे दगडावर चढला. दोन मुंडकी गेली, लोकरीचे मोजे गेले, एक कोंबडा गेला. मग दामाज पुढे आला आणि त्याने वामांचं पिंप दगडाशी ठेवलं. हंगामातलं सर्वात चांगलं पिंप, वर फिलोमेनने धुतलेलं फडकं बांधलेलं.

"कुणाच्या आत्म्यासाठी?" ल्युजेने विचारलं. दामाजचा बाप असेल, या अंदाजाने त्याने तोंड उघडलंही होतं.

दामाज पायऱ्यांकडे पाठ करून उभा राहिला आणि मचाणावरून घेतलं होतं तेवढ्याच मोठ्याने त्याने नाव घेतलं. "एवारिस्त लामार."

ल्युजे खाली वाकून हळूच म्हणाला, "दामाज, अरे ते जिवंत आहेत. तुझ्या मागं उभे आहेत."

"ते न्यायमूर्ती," दामाज म्हणाला. "मी लोहाराच्या एवारिस्तचं म्हणतोय. तो या दगडावर बोलला होता. तो गेला."

ल्युजेने पाद्रीबाबांकडे पाहिलं. पाद्रीबाबा तेव्हाही याच पायऱ्यांवर होते. ते स्वतःच्या बुटांकडे पाहत म्हणाले, "मिसा कुणासाठीही म्हणता येते. पुकार."

ल्युजेने पुकारलं. पहिली बोली लोहारवाड्यातल्या एका म्हाताऱ्याची आली. मग दुसरी, तिसरी. दामाजच्या मागोमाग ज्यांनी मचाणावर चढून ते नाव घेतलं होतं, ते एकेक जण बोली लावत होते, मान खाली घालून, मयताच्या घरी बोलतात तशा आवाजात.

"पन्नास डॉलर," पायऱ्यांवरून आवाज आला. तेवढ्या पैशांत दोन गाई आल्या असत्या. एवारिस्तचा चेहरा पांढरा पडला होता. "पन्नास. मी घेतो. संपव हे, ल्युजे."

ल्युजेने तिकडे पाहिलंच नाही. फिलोमेन पिंपाशेजारून म्हणाली, "ल्युजे, मेलेल्याची बोली धरतात का रे?"

"माझ्यासमोर जे ठेवलं जातं," ल्युजे म्हणाला, आणि त्याचा आवाज पुन्हा तीन गावांत जाण्याइतका झाला होता, "त्यापलीकडं मला काही ठाऊक नसतं. दोन डॉलर झाले. दोनवर कोण?"

एवारिस्त लामारला बायकोने दंडाला धरून गाडीकडे नेलं. पिंप तीन डॉलरला गेलं.

मिसा सोमवारी सकाळी झाली. फिलोमेनला वाटलं होतं, सूड उगवल्यासारखं दामाजला थोडं हलकं वाटेल. तो बाकावर बसला, बाप गेला तेव्हाची काळी फीत दंडाला बांधून. पाद्रीबाबांनी हळू आवाजात मृताचं नाव घेतलं, आणि कोर्टात, अंगणात, चिखलात ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं तो दामाज मिशो दोन्ही हातांत तोंड खुपसून हमसून रडला. सूड वगैरे काही नव्हतं ते. त्याचा मित्र खरोखरच गेला होता.